गंगापूरची गोदू

फोटोत एक बाई पाठमोरी उभी आहे. विटकरी लुगडं, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर, एक हात किंचित पुढे. मागच्या पडद्यावर बाभळीचं झाड रंगवलेलं आहे आणि पडद्याला पडलेल्या घडीमुळे ते झाड कमरेत लचकल्यासारखं दिसतंय. हा फोटो मला ओंकारनं पाठवला. ओंकार म्हणजे आमच्या नाट्यमंडळाचा सध्याचा कर्ताधर्ता, वयानं माझ्या धाकट्याएवढा. फोटोखाली त्यानं विचारलं होतं, "मावशी, गंगापूरच्या प्रयोगातला फोटो सापडला. यात तुम्ही आहात की रुखसाना मावशी?"

चहा गार होईपर्यंत मी त्या पाठीकडे बघत बसले. बोटांनी फोटो मोठा केला, लहान केला, चष्मा पुसून पुन्हा मोठा केला. बाकी सगळं ओळखू येत होतं. लुगडं मंडळाचं होतं, पडदा मंडळाचा होता, बाभळीची ती घडीसुद्धा माझ्या ओळखीची होती. फक्त पाठ कुणाची ते कळेना. आरशात तोंड बघण्यात जन्म गेला, पाठ बघायची कधी वेळच आली नव्हती.

ओंकारला घाई होती, कारण गुलमंडीच्या मागच्या गल्लीतलं आमचं जुनं तालमीचं गोदाम या पोरांनी दुरुस्त केलं होतं आणि तिथं छोटंसं नाट्यगृह उभं राहत होतं. उद्घाटनाला मंडळाचं जुनं, विहिरीचं नाटक. त्याआधी, इतक्या वर्षांत ज्या ज्या बायकांनी त्या नाटकातली गोदू रंगमंचावर केली, त्या सगळ्यांना वर बोलवून एका रांगेत उभं करायचं. रुखसाना पहिली गोदू, तिच्यापासून आजच्या पोरीपर्यंत सगळ्या. अडलं होतं फक्त माझ्यापाशी. मंडळात मी प्रॉम्प्टर होते. विंगेत उभं राहून नाटक वाचायचं आणि कुणी अडखळलं की पुढचा शब्द द्यायचा, हे माझं काम. पण एकदा, गंगापूरच्या प्रयोगाला, रुखसानाला ताप भरला आणि गोदू मी केली, असं मला आठवतं. अगदी लख्ख आठवतं. रुखसाना सोडून मंडळातली जी चार माणसं उरलीत, त्यांच्यातल्या एकालाही ते आठवत नाही.

मला त्या रांगेत उभं राहायचं होतं. उगीच आढेवेढे कशाला घेऊ, फार हवं होतं मला ते. पण लबाडीनं उभं राहायचं नव्हतं.

मी पुंडलिकनगरात राहते. तिथून गुलमंडी म्हणजे काही परमुलूख नव्हे, तरी कित्येक वर्षांत त्या गल्लीत पाय टाकला नव्हता. त्या दिवशी रिक्षा केली आणि गेले. वाटलं, जागा बघितली की डोकं ताळ्यावर येईल.

आत पाऊल टाकलं आणि नाकाला काहीच सापडेना. नवा रंग, प्लायवूड, खुर्च्यांच्या रेक्झिनचा वास. ते मुळात कापसाच्या व्यापाऱ्याचं गोदाम. आमच्या वेळी तिथं एका कोपऱ्यात सरकीची पोती असायची आणि त्या सरकीचा तेलकट, जरासा कुबट वास तालमीभर अंगाला चिकटलेला असायचा. हवेत कापसाचे तंतू. दुपारी पत्र्याच्या भोकातून उन्हाचे कवडसे पडायचे आणि त्यात ते तंतू तरंगत राहायचे, कितीही जोरात संवाद म्हटला तरी खाली बसायचे नाहीत. घरी गेले की आई केसांतून कापूस वेचायची आणि म्हणायची, "नाटकाला जातीस का पिंजाऱ्याकडं?" उन्हाळ्यात वरचा पत्रा तापायचा, मग तालमी संध्याकाळवर जायच्या. थंडीत सगळे सरकीच्या पोत्यांना टेकून बसायचे, कारण पोती उबदार असत. पोत्यावर बसून मी पोथी, म्हणजे नाटकाची वही, उघडायचे. माझं नावच तिथं पोथी पडलं होतं. माझं खरं नाव काही जणांना अखेरपर्यंत माहीत नसावं.

"खांब काढला का रे?" मी ओंकारला विचारलं.

"हो ना मावशी. गर्डर टाकला वर. खांब ठेवून स्टेज कसं करणार? तुम्ही कशा तालमी करत होता हो त्यात?"

कशा म्हणजे, तशाच. मधोमध, म्हणजे मला वाटतं जरा डावीकडे, एक जाडजूड सागवानी खांब होता. ओंकारच्या मते तो उजवीकडे होता, त्यानं स्वतः काढून घेतलाय, तेव्हा त्याचं खरं असेल. गोदूला विहिरीपासून पाटलापर्यंत जायचं तर तो वाटेत यायचा. ती खांबाला वळसा घालून जायची. सगळेच घालायचे. महिनोन् महिने त्या खांबाला वळसा घालून तालमी केल्या आणि मग प्रयोगाला मोकळ्या रंगमंचावर गेलो, तरी कुणाचे पाय सरळ जाईनात. खांब गोदामात, माणसं दुसऱ्या गावात आणि वळसा मात्र चालूच. पाटील रागानं तरातरा निघायचा आणि मधेच अदबीनं बाजूला व्हायचा. आण्णा, म्हणजे आमचे दिग्दर्शक, पहिल्या प्रयोगाला कपाळाला हात लावून बसले होते. पण पुढे एका स्पर्धेत परीक्षकांनी त्या वळशाची भरभरून तारीफ केली. माणसाला विहिरीभोवती फिरत ठेवणारी नियती की काय ते त्यांना त्यात दिसलं. आण्णा आम्हाला म्हणाले, "गप बसा. आता कुणी सरळ चाललं तर याद राखा." तेव्हापासून मंडळात नवं माणूस आलं की त्यालाही वळसा शिकवायचे.

मंडळाची दुसरी रीत म्हणजे जागा धरणं. तालमीला एखादं पात्र आलं नाही की प्रॉम्प्टरनं त्याच्या जागी उभं राहायचं, त्याचं बोलायचं, त्याच्या वाटेनं चालायचं. "पोथे, जागा धर," आण्णा खुर्चीतूनच ओरडायचे. मी उठायचे. मी पाटलाची जागा धरली, कोतवालाची धरली, पाटलाच्या मेलेल्या बापाचीही धरली. सगळ्यांत जास्त धरली गोदूची, कारण रुखसानाच्या घरचे तिला उशिरा सोडायचे. ती यायची तेव्हा मी विहिरीच्या काठावर, म्हणजे पालथ्या घातलेल्या खोक्यावर, बसलेली असायचे. ती चप्पल काढायची, मी उठायचे, ती बसायची. उठताना खोकं जरा ऊनच असायचं. ती हसून म्हणायची, "गरम गरम जागा दिली गं."

नाटकाचं छापील नाव काहीतरी भारदस्त होतं, ते निमंत्रणपत्रिकेपुरतं. गोष्ट मात्र साधी. गावातली जुनी विहीर बुजवायचं पाटील ठरवतो आणि गोदू नावाची एकटी बाई काठावर बसते, पाटलाशी भांडायला काय ती उठते, की पुन्हा काठावर. बस्स. ते नाटक घेऊन आम्ही कुठं कुठं गेलो! ज्वारी खळ्यावर आली, कापूस विकला गेला की गावं नाटक मागायची. मग एसटीच्या टपावर पडदा, खोकी, पेट्या, आणि आत आम्ही. मुकुंदवाडीला स्टेशनाजवळच्या मैदानात प्रयोग असला की रेल्वे आली रे आली की सगळी पात्रं जिथल्या तिथं थांबायची. गाडी जाईपर्यंत कुणी हूं की चूं करायचं नाही. रुखसाना तेवढा वेळ गाडीकडे अशी बघत राहायची की लोकांना वाटायचं, हे नाटकातच आहे. शाळेच्या पटांगणात, बाजारातल्या ओट्यावर, कुठं लाइट गेली तर गॅसबत्तीच्या फरफरत्या उजेडात. तोंडाला झिंक पावडर, मिश्या चिकटवायच्या डिंकाचा झणझणीत वास आणि रंग काढायला खोबरेल. आजही कुणाच्या डोक्याला खोबरेल चोपडलेलं असलं की मला वाटतं, प्रयोग संपला.

गंगापूरला पिंपांवर फळ्या टाकून स्टेज केलं होतं. बाजूला उसाच्या गाड्या सोडलेल्या. चाललं की फळ्या धाडधाड वाजायच्या. मला आठवतं ते असं. रुखसाना एका पेटीवर अंग टाकून पडलीय, डोळे लाल. आण्णा तिच्या कपाळाला हात लावतात आणि माझ्याकडे वळून म्हणतात, "पोथे, जागा धर." मग लुगडं, पदर, आणि फळ्या. पहिल्या रांगेत एक म्हातारी बसलीय आणि उसाचं कांडं सोलून खातेय. मी बोलायला लागले की तिचं चावणं थांबतं. मी थांबले की पुन्हा सुरू. आणि मी पाटलाकडे निघते, आणि खांबाला वळसा घालते.

इथंच माझं घोडं पेंड खातं. आण्णांनी "जागा धर" म्हटलं खरं, पण ते तर रोज म्हणायचे. गोदामात म्हणायचे. हा वळसा मी गंगापूरच्या फळ्यांवर घातला की गोदामातल्या खऱ्या खांबाला, हे कशावरून ठरवायचं? फोटोतली बाईही जरा तिरकी वळलेली दिसते, समोर काही नसताना. पण तशी तर रुखसानाही वळायची. ज्या खुणेनं ओळखायचं तीच आम्हा सगळ्यांच्या अंगावर. आण्णा असते तर एका शिवीत निकाल लावला असता. आण्णा जाऊन बरीच वर्षं झाली.

मग मी शहागंजात रुखसानाकडे गेले. तिच्या वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथं आता तिचा नातू मोबाइल दुरुस्त करतो. ती वर राहते. गुडघे गेलेत, आवाज मात्र तोच. मला बघून पलंगावरूनच ओरडली, "आली गं माझी पोथी! किती वाळली गं तू!" वाळलेली मी मुळीच नाही, पण ऐकायला बरं वाटलं.

चहा आला, खारी आली. मी फोन तिच्या हातात दिला. तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"गंगापूर? ही मीच हाय की."

"तुला ताप होता ना गं तेव्हा?"

"ताप व्हता, हौ. ताप घेऊनच केलं. आण्णा म्हनले, रुखसाना, विहिरीच्या काठावर बसायचंच काम हाय, बसून घे."

"आणि मी कुठं होते?"

"तू विंगेत. अजून कुठं राहनार तू?"

खारीचा तुकडा चहात बुडून गेला, तो काढायचंही सुचेना. मग मी तिला सगळं सांगितलं. फळ्या, पदर, ऊस खाणारी म्हातारी. विंगेतून ती म्हातारी दिसणं शक्य नव्हतं, हेही सांगितलं.

रुखसाना एकदम पुढे सरकली. "ती म्हातारी तर मलाबी आठवती! मी बोलले की चावायची थांबायची."

"हे तू मला सांगितलं होतंस की मी तुला?"

"आता ते अल्लालाच ठाव."

आम्ही दोघी हसत सुटलो. खालून नातवानं विचारलं, काय झालं म्हणून. हसता हसता मला रडू यायला लागलं. तिच्या ते लक्षात आलं असणार, कारण तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुला गंगापूर पाहिजे का गं? घे. माझ्याकडं लई प्रयोग हायत. एक गेला तर मेरेकू काय फरक पडतो?"

शेजारणीला वाटीभर साखर द्यावी, तसं ती म्हणाली. मला राग आला. "उसनं नको मला, रुखसाना. खरं काय ते पाहिजे."

"खरं आता कुठनं आनू?" ती म्हणाली. मग तिनं फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "एक सांगू? उर्दू शाळेत शिकलेली मी. मराठी बोलायला फर्राटेदार, पन वाचायची म्हनलं की एकेक अक्षर जुळवत बसायचे. तू वाचायची, मी ऐकायचे, तसंच्या तसं बोलायचे. तू जिथं दम घेतला तिथं मी घेतला. कवा कवा तर वाटतं, गोदू मी केलीच नाय. तूच करायची, लोकं टाळ्या मला वाजवायचे."

दुपारच्या वेळी ती आणि मी सरकीच्या पोत्यांवर बसायचो, ते मला आठवलं. मी एक ओळ म्हणायचे, ती डोळे मिटून ऐकायची, मग म्हणायची. चुकली तर मी पुन्हा म्हणायचे. हळूहळू कुठली माझी आणि कुठली तिची, ते गोदामाबाहेरच्या हमालांना कळेनासं व्हायचं. एकदा एक हमाल आत डोकावून म्हणाला होता, "दोन बाया हाईत व्हय? आमाला वाटलं एकच बडबडती."

घरी येऊन मी ओंकारला लिहिलं, "फोटोत रुखसाना आहे. मी विंगेत होते." पाठवलं नाही. पुसलं. पुन्हा लिहिलं आणि पाठवलं. पाठवल्यावर जरा मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. रात्रभर वाईट वाटत राहिलं आणि ते कशाचं, तेही नीट कळेना. खरं बोलले होते की एक खरी गोष्ट पुसून टाकली होती?

उद्घाटनाच्या संध्याकाळी मी रुखसानाला रिक्षातून घेऊन गेले. ती इस्त्रीची साडी नेसली होती, अत्तर लावलं होतं. गल्लीत शिरल्यावर तिनं नाक उंचावून वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "सरकी नाय," मी म्हटलं. "नाय," ती म्हणाली. आम्ही पहिल्या रांगेत बसलो. भोवती सगळी तरुण माणसं. ओंकारनं मंडळाचं बरंच काही सांगितलं, त्यातलं निम्मं मला नवं होतं. मग त्यानं गोदूंना बोलावलं. पहिलं नाव रुखसानाचं.

ती उठली आणि तिनं माझा दंड धरला. "चल. मेरेकू पायऱ्या चढता येत नाय."

मी तिला धरून वर नेलं. तिला उभं करून खाली यायचं, असं ठरवलं होतं, पण तिनं हात काही सोडला नाही. खरंच गुडघ्यांसाठी की आणखी कशासाठी, हे तिचं तिला ठाऊक. एकेक गोदू येत गेली, रांग भरत गेली आणि मी त्या रांगेतच अडकले. डोळ्यांवर उजेड आला. समोर काळोख, आणि काळोखातून टाळ्या. मला ते आवडलं, फार आवडलं. क्षणभर वाटलं, राहू दे हे असंच, कोण विचारायला येतंय. त्या उजेडात मला उसाचं कांडंही दिसायला लागलं होतं.

ओंकार म्हणाला, "रुखसाना मावशी, गोदूचं पहिलं बोलणं ऐकवता का?"

रुखसाना ताठ झाली. पदर डोक्यावर ओढला. काळोखाकडे बघितलं आणि थांबली. मला वाटलं, विराम घेतेय. तिचे सगळे विराम मला पाठ होते, आणि हा त्यांतला नव्हता. ती अडली होती. सभागृह वाट बघत होतं. मग तिनं मान जराशी डावीकडे वळवली आणि विंगेकडे बघितलं. तिथं वायरींची वेटोळी पडली होती, बाकी कुणी नव्हतं. ती घाबरून त्या मोकळ्या जागेत बघत राहिली. मला शोधत होती. मी तिच्या शेजारी होते, माझा हात तिच्या हातात होता, मी तो दाबलाही. तिला तो जाणवलाच नाही.

गंगापूरला कोण होतं, हे मला आजही सांगता येत नाही. त्या क्षणीही सांगता आलं नसतं. पण तिची नजर कुठं गेली, ते मी बघितलं. मी तिचा हात शेजारच्या गोदूच्या हातात दिला आणि रांगेतून निघाले. उजेडातून बाहेर, विंगेच्या काळोखात. ओंकार गोंधळून बघत होता. पोथी हातात नव्हती, लागतही नव्हती. मी तिच्याकडे तोंड करून उभी राहिले आणि तिच्यापुरत्याच आवाजात म्हटलं, "थांबा रं..."

"थांबा रं," रुखसाना म्हणाली, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं. "पाणी अजून निजलंय." आणि पुढे बोलतच गेली, एकदाही न अडखळता. तिला सगळं येत होतं. तरी तिचं बोलणं संपेपर्यंत मी तिथून हलले नाही.